अण्णांच्या पायांवरचं पाणी

२४ जुलै १९८२, शनिवार

आजपासून दैनंदिनी लिहायची. मोठ्या पुढाऱ्यांनी आपापल्या दैनंदिन्या तुरुंगात बसून लिहिल्या. मला तुरुंगाचा योग नाही. मुक्तिसंग्राम पेटला तेव्हा मी रांगत होतो, आणि मी धड चालायला लागेपर्यंत निजामाने शरणागती पत्करलेली होती. जन्माला यायला वीसेक वर्षं उशीर झाला, नाहीतर आज माझ्याही भिंतीवर ताम्रपट असता. आईबापांनी याचा विचार करायला हवा होता.

असो. पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा वेगळा होतोय, आणि आमची करडवाडी अहमदपूर तालुक्यासकट उस्मानाबादेतून निघून तिकडे जातेय. आजवर उस्मानाबादला जायला एक दिवस लागायचा, काम न होण्यात दुसरा जायचा आणि परत यायला तिसरा. आता लातूर जवळ. काम न होणं एकाच दिवसात उरकेल.

नवा जिल्हा म्हणजे नव्या समित्या आणि नव्या समित्या म्हणजे नवे सभासद. मला टंचाई निवारण समितीवर जायचं आहे. पावसाने पाठ फिरवली आहे, त्यामुळे यंदा सगळ्यात वजनदार समिती तीच. सभासदाला दौऱ्याला जीप मिळते म्हणे. माझा चुलतभाऊ व्यंकटी गावचा सरपंच आहे, त्याचाही डोळा याच खुर्चीवर आहे. त्याला दुष्काळातलं काय कळतं? सुकाळातलंही कळत नाही.

२८ जुलै

दोन महिने झाले, गाव टँकर मागतंय. उस्मानाबाद म्हणतं, तुम्ही लातूरला चाललात, तिकडे मागा. लातूर म्हणतं, तुम्ही अजून आला नाहीत, तिकडेच मागा. थोडक्यात, करडवाडी सध्या कोणाचीच नाही. अशी अवस्था यापूर्वी अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात झाली होती. निजाम गेला होता आणि भारत सरकार अजून फाट्यावर पोचायचं होतं. पण तेव्हा चार-दोन दिवसांत निकाल लागला. त्या सरकारला घाई होती.

पाण्याची ओरड आहे खरी. गावचा आड आटलाय आणि बायका खालच्या ओढ्यात खड्डा खणून वाटीवाटीनं घागर भरतात, असं कानावर येतं. लोकांना ओरडायची सवयच असते. आमच्या घरात तसं काही जाणवत नाही. सकाळी उठावं तर न्हाणीत बादली भरलेली असते. चांगुणा, म्हणजे आमची मंडळी, हल्ली पहाटे उठून कुठे जाते कोण जाणे, आणि दिवसभर पेंगत असते. मी तिला लोहाच्या गोळ्या घ्यायला सांगितलं आहे.

२ ऑगस्ट

पक्की खबर. नव्या जिल्ह्याच्या आनंदात गुंडप्पाअण्णा गावोगावी दौरा काढणार आणि सतरा तारखेला आमच्या फाट्यावर थांबणार. समित्यांची नावं अण्णाच ठरवणार आहेत. मला रात्रभर झोप नाही.

अण्णा मुक्तिसंग्रामातले मोठे नेते. त्यांचा आणि करडवाडीचा एक ऋणानुबंध आहे. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात ते सरहद्दीवरच्या कॅम्पातून अनवाणी निघाले, मागे रझाकार लागलेले. करडवाडीत पोचले तेव्हा काट्यांनी पायांची चाळण झालेली. गावातल्या एका माउलीने त्यांच्या पायांवर पाणी घातलं, काटे काढले, भाकर दिली. अण्णा दर सतरा सप्टेंबरच्या भाषणात ही गोष्ट सांगतात आणि त्या माउलीचं नाव सांगायचं दर वर्षी राहून जातं. ती माझी आई लक्ष्मीबाई, असं आमच्या घरात मानलं जातं. आई स्वतः याबद्दल एक शब्द बोलली नाही. स्वभावच अबोल होता तिचा.

आता माझी कल्पना. फाट्यावर एकावन्न सुवासिनी डोईवर कलश घेऊन उभ्या राहतील आणि एकेक पुढे येऊन अण्णांच्या पायांवर पाणी घालेल. इतिहास पुन्हा घडेल, आणि या वेळी फोटोवाला हजर असेल.

५ ऑगस्ट

अहमदपूरला तहसीलमध्ये गेलो. टँकरची मागणी म्हटल्यावर साहेबांनी मान वर केली नाही. अण्णांच्या स्वागतासाठी, म्हटल्यावर खुर्ची दिली, चहा मागवला, आणि चहा यायच्या आत टँकर मंजूर झाला. सतराला सकाळी येईल. लोक उगाच प्रशासनाला नावं ठेवतात. मागायचं कसं हे यांना कळत नाही, दुसरं काय.

परत येऊन स्वागत समितीची घोषणा केली. अध्यक्ष मी. व्यंकटीला सजावट दिली.

९ ऑगस्ट

अहाहा, केवढा हा उत्साह. मला वाटलं होतं, एकावन्न बायका गोळा करताना जीव जाईल. इथे नाव घालायला रांग लागली. ज्या बायका ग्रामसभेला बोलावून येत नाहीत त्या घरी येऊन चांगुणाला गळ घालतायत. तांब्याचे छोटे कलश अहमदपूरहून भाड्याने आणणार होतो, तर बायकाच म्हणाल्या, कलश कशाला, आमच्या घरच्या घागरी हायत. मी म्हटलं, जड होतील. रुक्मिणबाई, म्हणजे व्यंकटीची बायको, म्हणाली, "अण्णांसाठी जड काय आन हलकं काय, भावजी." माझे डोळे पाणावले. स्वातंत्र्याची किंमत ओळखणारा समाज अजून शिल्लक आहे.

बौद्धवाड्यातल्या बायकांचंही ठरवावं लागलं. व्यंकटी म्हणाला, त्यांना मागे उभं करू. मी कडाडून विरोध केला आणि म्हणालो, मागे नाही, शेवटी. यालाच वैचारिक फरक म्हणतात.

सभा उठल्यावर त्याच बौद्धवाड्यातली सरजाबाई आली. साठीला टेकलेली, विधवा. म्हणाली, "नरसिंगबापू, माझी बी घागर धरा."

मी शांतपणे समजावलं. "मावशी, हे सुवासिनींचं काम आहे. ग्यानोबा असते तर तुम्हाला पहिला मान दिला असता."

"त्ये असते तर म्या कशाला इचाराया आले असते."

ग्यानोबा तिचा नवरा. अठ्ठेचाळीसच्या त्याच उन्हाळ्यात रझाकारांनी त्याला घरातून ओढून नेलं, तो परत आला नाही. कोणाला तरी आसरा दिला होता म्हणतात. कोणाला ते गावात कोणी सांगत नाही, आणि इतक्या वर्षांनी विचारणंही बरं दिसत नाही.

जाता जाता म्हातारी म्हणाली, "बापू, त्या रातीला तुमच्या आईनं पानी घातलं म्हनून सांगून राहिले तुमी. तुमचं दार आतून लावलेलं व्हतं. म्या सोता वाजवलं."

वय झालं की आठवणींची सरमिसळ होते. मी मोठ्या मनाने सोडून दिलं.

१३ ऑगस्ट

फाट्यावर तालीम घेतली. पाणी नसल्याने रिकाम्या घागरींनी. व्यंकटी अण्णा झाला, पाय पुढे करून बसला आणि तासभर उठायला तयार नव्हता. सगळ्या बायकांनी सफाईदार ओतलं. चांगुणाला पहिलं ठेवलंय. मी समितीचा अध्यक्ष, आणि आईचा वारसाही आमच्याच घराण्यात, तेव्हा ते रीतसरच आहे.

तालमीनंतर चांगुणाने विचारलं, "पायाखाली परात ठिवायची ना?"

मी म्हटलं, परातीने पाय झाकले जातात, फोटोत काही दिसणार नाही. पाणी रस्त्यावर वाहू दे, त्यातच भव्यता आहे.

"रस्त्यावर," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने पुन्हा, "समदं?"

बायकांना चिखलाची फार काळजी.

१५ ऑगस्ट

जिल्हा झाला. शाळेत झेंडा झाला, मुलांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. मी भाषणात म्हणालो, हा आपला दुसरा मुक्तिसंग्राम आहे. पहिल्यात निजामाच्या तावडीतून सुटलो, दुसऱ्यात उस्मानाबादच्या. टाळ्या चांगल्या पडल्या. आभाळ निरभ्र. पोळा तोंडावर आलाय आणि बैल धुवायचे कशाने, यावर मागच्या रांगेत कुजबुज चालली होती. ऐतिहासिक क्षण लोकांना कळत नाहीत.

१७ ऑगस्ट

आज लिहायचं नव्हतं. पण न लिहून झोप येणार नाही.

टँकर सकाळी आला. बायका त्याच्या आधीच फाट्यावर बसलेल्या होत्या. घागरी काठोकाठ भरल्या, तोंडाला फडकी बांधली. फडकी कशाला, विचारलं तर म्हणाल्या, धूळ बसते. एकीची घागर डचमळली तर तिघीजणींनी सांडलेलं पाणी पदराने टिपून पोरांच्या तोंडात पिळलं. मी म्हटलं, अहो, टँकरभर पाणी आहे. कोणी ऐकलं नाही. भरून झाल्यावर टँकरमध्ये उरलं ते ड्रायव्हर घेऊन गेला. त्याला एवढाच हुकूम होता.

अण्णा दुपारी आले. ताशा वाजला, हार घातले. अण्णा खुर्चीवर बसले, वहाणा काढल्या, धोतर थोडं वर घेतलं आणि उजवा पाय पुढे केला. पाय गोरा, मऊ, तळव्याला भेग नाही. फोटोवाला खाली गुडघे टेकून बसला.

मी खूण केली. चांगुणा पुढे झाली. तिने अण्णांना कुंकू लावलं, ओवाळलं, घागर कमरेवर होती ती तिरपी केली. फडकं सोडलेलंच नव्हतं. क्षणभर तशीच उभी राहिली. मग घागर सरळ केली, नमस्कार केला आणि बाजूला झाली.

मला वाटलं, घाबरून विसरली. मी डोळे वटारले. तिने माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

दुसरी रुक्मिणबाई. कुंकू, ओवाळणं, नमस्कार, आणि बाजूला. तिसरी तशीच. चौथीने तर घागर पदराखालीच झाकलेली. ताशेवाल्याचा हात हळू पडत गेला आणि थांबला. एकेक बाई येत होती, रीतीत काही कमी करत नव्हती, फक्त पाणी घालत नव्हती. अण्णांचा पाय तसाच पुढे. खाली घ्यावा तर झालेलं मान्य केल्यासारखं होतं, आणि वर धरवेना. त्यांची पोटरी थरथरायला लागली होती. व्यंकटी माझ्या कानाशी येऊन "आता कसं रं" म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख अजिबात नव्हतं.

शेवटी वाड्यातल्या बायका झाल्या, आणि त्यांच्यामागून सरजाबाई आली. तिची घागर कोणी धरली होती देव जाणे, पण भरलेली होती. मी अडवायला निघेपर्यंत ती अण्णांसमोर पोचली. घागर खाली ठेवली.

"अण्णा, वळखलं का?"

अण्णा बघत राहिले.

"तवा आडाला पानी व्हतं," म्हातारी म्हणाली. "तुमी मागितलं बी नव्हतं, तरी घातलं. आता न्हाई. पाय खाली घ्या, कळ लागंल."

अण्णांनी पाय खाली घेतला. वहाण शोधायला त्यांना वेळ लागला. ऊन डोळ्यांवर आलं असावं, उपरण्याने डोळे पुसत होते. माझं सगळं संपलं होतं. जीप, समिती, सगळं. पायाखालची जमीन कोरडीच होती, तरी मला खचल्यासारखं वाटलं.

पण अण्णा उगीच इतकी वर्षं खुर्चीवर नाहीत. माइकपाशी पोचेपर्यंत त्यांचा चेहरा पूर्ववत झाला होता. म्हणाले, "बंधूंनो, आज करडवाडीच्या माता-भगिनींनी मला धडा दिला. पाहुण्याचा मान ठेवला, पण पाण्याचा एक थेंब वाया घालवला नाही. हा पाणीबचतीचा संदेश मी जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यात नेईन. आणि या गावाला टँकर मी देणार, हा माझा शब्द आहे."

टाळ्या पुरुषांनी वाजवल्या. बायका केव्हाच बांधाबांधाने गावाकडे चालू लागल्या होत्या, डोईवर घागरी घेऊन.

घरी येऊन मी चांगुणाला धारेवर धरलं. कोणी शिकवलं तुम्हाला, व्यंकटीने?

"कुनी न्हाई. हात वळला न्हाई."

"आणि बाकीच्यांचा?"

"त्यांस्नी इचारा." मग चुलीकडे तोंड करून म्हणाली, "तुमी रोज बादली अंगावर वतून घेऊन राहिले. ती कुटनं येती, इचारलं का कदी? ओढ्याला पहाटं नंबर लागतो माझा. वाटी वाटी करून दीस उजाडतो."

मी खरंच विचारलं नव्हतं. रागावून आलो होतो, पण मुकाट पानावर जाऊन बसलो. जेवणात मीठ कमी होतं. तसंच जेवलो.

१८ ऑगस्ट

अंघोळ केली नाही. कोणी विचारलंही नाही.

२१ ऑगस्ट

अहमदपूरहून पेपर आला. "करडवाडीच्या महिलांनी दिला पाणीबचतीचा आदर्श." फोटोत अण्णा, घागरी, आणि कोपऱ्यात माझा अर्धा चेहरा. खाली ओळ: या अभिनव उपक्रमाचे संयोजक श्री. नरसिंगराव.

संध्याकाळी निरोप आला. मी टंचाई निवारण समितीवर. पहिली बैठक सत्तावीसला, लातूरला. व्यंकटीने पेपर दोनदा वाचला आणि पाणी मागितलं. चांगुणाने त्याला पेल्याच्या तळाशी घालून दिलं.

जे झालं ते माझं नव्हतं, आणि जे मिळालं ते मला मिळालं. राजकारण म्हणजे दुसरं काय असतं? तरी आनंद व्हावा तितका झाला नाही.

गावात मात्र आनंद आहे. माझ्यामुळे नव्हे, टँकरमुळे. अण्णांनी शब्द दिलाय आणि आपला माणूस समितीत आहे, म्हणजे टँकर आलाच, असं बायका धरून चालल्यात. सरजाबाई स्वतः घरी येऊन म्हणाली, "बापू, आता तुमी हायसा." आजवर मला असं कोणी म्हटलेलं नव्हतं.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी एसटीत बसलो तेव्हा निम्मं गाव फाट्यावर आलं होतं. चांगुणा म्हणाली, "येताना टँकर घिऊनच या." हसून म्हणाली. लग्नानंतर इतकी मोकळी हसलेली मी तिला कमीच पाहिली आहे.

बैठक कलेक्टर कचेरीत. भिंतींना रंगाचा वास, टेबलावर प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास, वर बशी झाकलेली. अण्णा अध्यक्षस्थानी. टँकर थोडे आणि गावं फार, असं एका अधिकाऱ्याने सांगितलं, आणि गावांची नावं एकेक करून घेतली जाऊ लागली. करडवाडीचं नाव आलं तसा मी सावरून बसलो.

अण्णा हसले. "करडवाडीची काळजी करू नका. त्या गावाने पाणी कसं जपावं ते जिल्ह्याला शिकवलंय. जे गाव थेंब सांडत नाही त्याला टँकर लागत नाही. त्यांचा टँकर दुसऱ्या गरजू गावाला द्या. काय नरसिंगराव, तुमची हरकत नाही ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अधिकाऱ्याने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. मला म्हणायचं होतं की अण्णा, बायका थेंब सांडत नाहीत कारण तेवढाच थेंब आहे. म्हणायचं होतं की तुम्ही फाट्यावर शब्द दिलाय, आणि त्याआधी एका उन्हाळ्यात तुम्ही पाणीही घेतलंय. तोंडातून निघालं, "हरकत कसली, अण्णा. सभासदाने आपल्याच गावासाठी मागणं बरं दिसत नाही." अण्णा म्हणाले, याला म्हणतात कार्यकर्ता. माझ्यासमोरचा ग्लास मी रिकामा केला, तेव्हा शिपायाने तो पुन्हा भरला.

ठराव झाला. करडवाडी आदर्श गाव. मी जीपने गावोगावी जाऊन पाणीबचतीवर बोलायचं आहे. जीप मिळाली.

परत एसटीनेच आलो. दिवस कलायला आला होता. फाट्यावर उतरलो तर बायका बसलेल्या. चांगुणा, रुक्मिणबाई, वाड्यातल्या बायका, सगळ्या. रस्त्याच्या कडेला घागरींची ओळ लावलेली. कोण पहिली, कोण नंतर यावरून भांडण होऊ नये म्हणून त्यांनी ओळ आपसात ठरवून टाकलेली दिसली, आणि सगळ्यात पुढे सरजाबाईंची घागर होती.

चांगुणाने एसटीच्या मागच्या रस्त्याकडे बघितलं. "मागून येऊन राहिला का?"

मी हो म्हणालो. का म्हणालो, हे मला अजून कळलेलं नाही. इतक्या तोंडांकडे बघून नाही म्हणायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं. हो म्हणताच सगळ्या उठल्या. कोणी फडकी सोडली, कोणी घागर झटकली. सरजाबाई म्हणाल्या, "अगं, टँकर वळवाया जागा लागंल," आणि बायकांनी पूर्ण ओळ उचलून दोन पावलं मागे घेतली.

मी दमलोय म्हणून घरी आलो. लाज वाटतेय. लाज हा शब्द मी भाषणात फार वेळा वापरला, पण ती अशी घरापर्यंत मागून येते हे ठाऊक नव्हतं. जाऊन सांगायला हवं, हे कळतंय. दोनदा उंबऱ्यापर्यंत गेलो.

अंधारून येतंय. फाट्यावरून अजून एकही घागर घरी आलेली नाही.